ओझे आणि भार

स्त्री आणि वजन उचलणे हे शब्द शेजारी शेजारी आले, की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनाला अजूनही किंचित धक्का बसतो. वास्तविक तो बसण्याचे काही कारण नाही. पहाटे उठून जाते ओढणारी, डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून विहिरीची पायवाट चढणारी, रानातून लाकडाची मोळी आणणारी स्त्री आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. आजही ऊसतोडणीच्या हंगामात फडातून गाडीपर्यंत उसाची मोळी डोक्यावरून वाहून नेणारी बाई पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात कोणाला अपरिचित नाही. मी शासकीय सेवेनिमित्त गेली बरीच वर्षे दिल्लीत राहतो. या राजधानीत आणि तिच्या भोवतालच्या शहरांत जे टोलेजंग मनोरे उभे राहिले, त्यांच्या विटा आणि वाळू घमेल्याघमेल्याने वर चढवणाऱ्यांतही स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. म्हणजे स्त्रीने वजन उचलणे ही काही नवी गोष्ट नव्हे. नवी गोष्ट ही, की ते कोणी मोजावे, त्याची नोंद ठेवावी आणि त्याबद्दल तिच्या गळ्यात पदक घालावे!

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत : ओझे आणि भार. कोशकार कदाचित त्यांत फारसा भेद करणार नाहीत. पण या व्याख्यानापुरता मी तो करू इच्छितो. जे प्राप्त परिस्थितीने डोक्यावर येते आणि टाकता येत नाही, ते ओझे. जे माणूस आपल्या इच्छेने, शास्त्र शिकून, आपल्या सामर्थ्याची सीमा पाहण्यासाठी उचलतो आणि उचलून झाल्यावर खाली ठेवतो, तो भार. आपल्याकडे पुरुषाच्या वाट्याला दोन्ही आले. शेतातले ओझे त्याने वाहिले आणि तालमीत नाल उचलून, जोड फिरवून, मुद्गल आणि करेला पेलून पंचक्रोशीत नावही मिळवले. स्त्रीच्या वाट्याला मात्र ओझे तेवढे आले. तालमीचा उंबरठा तिने ओलांडू नये, अशीच सर्वसाधारण रीत होती. फार तर सर्कशीच्या तंबूत एखादी बलवान स्त्री दिसे; पण तेथे तिचे बळ हा तिकीट काढून पाहण्याचा चमत्कार होता, सन्मानाचा विषय नव्हता. ओझ्यापासून भारापर्यंतचे हे अंतर भारतीय स्त्रीने कसे तोडले, याचा इतिहास एका व्यक्तीच्या चरित्रात फार स्पष्टपणे वाचता येतो. ती व्यक्ती म्हणजे कर्णम मल्लेश्वरी.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. भारोत्तोलनाच्या स्पर्धेत आज दोन प्रकार आहेत. पहिला स्नॅच. यात जमिनीवरची लोखंडी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना लावलेल्या वजनांसह, एकाच सलग हालचालीत डोक्यावर न्यावयाची असते. दुसरा क्लीन अँड जर्क. यात दांडी आधी खांद्यांपर्यंत घ्यावयाची आणि तेथून दुसऱ्या झटक्यात डोक्यावर उचलावयाची. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात. दोन्ही प्रकारांत यशस्वीपणे उचललेल्या सर्वांत मोठ्या वजनांची बेरीज हीच खेळाडूची कमाई. पाहणाऱ्याला हा केवळ दांडगाईचा खेळ वाटतो. पण जाणकार सांगतात, की यात बळाइतकेच महत्त्व वेळेला, तोलाला आणि श्वासाला आहे. दांडी वर जात असते त्या निमिषात खेळाडू स्वतः खाली बसून तिच्याखाली शिरतो. ही चपळाई नसेल, तर नुसते बाहुबल काही कामाचे नाही.

आधुनिक ऑलिंपिकचा आरंभ १८९६ साली अथेन्सला झाला. त्या पहिल्याच मेळाव्यात भारोत्तोलन होते. अर्थात केवळ पुरुषांसाठी. पुढे काही खंड सोडता हा खेळ ऑलिंपिकमध्ये टिकून राहिला. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा मात्र भरली ती १९८७ साली, अमेरिकेतील डेटोना बीच या गावी. आणि ऑलिंपिकचे दार त्यांच्यासाठी उघडले २००० साली, सिडनीला. १८९६ ते २००० म्हणजे एकशेचार वर्षे झाली. जे काम स्त्री घरीदारी रोज करीत होती, ते तिला स्पर्धेच्या मंचावर करू देण्यास जगाने एका शतकाहून अधिक काळ घेतला.

आपल्या देशातले चित्र याहून वेगळे नव्हते. १९५१ साली मार्च महिन्यात पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा याच दिल्लीत भरल्या. त्यांत भारोत्तोलन होते, पण पुरुषांचे. स्त्रियांना प्रवेश होता तो मैदानी शर्यतींत आणि उड्या-फेकींत. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकात चार स्त्रिया होत्या. धावण्यासाठी मेरी डिसोझा आणि नीलिमा घोष, तर पोहण्यासाठी डॉली नाझिर आणि आरती साहा. स्वतंत्र भारताच्या वतीने ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या या पहिल्या स्त्रिया. आरती साहा तर तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती.

मराठी श्रोत्यांना हेलसिंकीचे नाव दुसऱ्या एका कारणाने ठाऊक असते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी तेथेच कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाचा खर्च जमविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते, ही गोष्ट आपल्याकडे आदराने सांगितली जाते. आणि ती सांगण्यासारखीच आहे. आज दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या क्रीडागृहाला खाशाबांचे नाव आहे. खाशाबांचा उल्लेख मी प्रांताभिमानाने करीत नाही. एका पदकामागे किती वजन इतरांनी उचललेले असते, हे त्यांच्या गोष्टीवरून ध्यानात येते. आणि मल्लेश्वरींचे चरित्र समजण्यास त्याचा उपयोग होतो.

मल्लेश्वरींचा जन्म १ जून १९७५ रोजी झाला. आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला श्रीकाकुळम जिल्हा आहे. त्या जिल्ह्यातील आमदालवलसा गावाजवळच्या वूसवानिपेट या वस्तीत त्यांचे बालपण गेले. वडील कर्णम मनोहर हे रेल्वे संरक्षण दलात शिपाई होते. घरात मुलीच मुली. अशा घरात मुलींची लग्ने कशी उरकावी याच विवंचनेत आईबाप राहावेत, ही त्या काळातील सर्वसाधारण अपेक्षा. या घराने मात्र आपल्या मुलींना व्यायामशाळेत पाठविले. नीलमशेट्टी अप्पण्णा या प्रशिक्षकांकडे थोरल्या बहिणी भारोत्तोलन शिकू लागल्या. धाकटी मल्लेश्वरीही मागोमाग गेली, तेव्हा 'ही फारच किरकोळ आहे, हिला हे जमावयाचे नाही,' असे सांगून तिला परत पाठविण्यात आले. त्या वेळी तिचे वय बारा वर्षांच्या आसपास होते.

येथे या गोष्टीतील पहिले महत्त्वाचे माणूस पुढे येते. ते म्हणजे तिची आई श्यामला. प्रशिक्षकांचा नकार तिने अखेरचा मानला नाही. मुलीला धीर दिला आणि सराव चालू करून दिला. ज्या गावात मुलीने लोखंडी दांडीला हात लावणे हीच चर्चेची बाब होती, तेथे एका अल्प उत्पन्नाच्या घरातील आईने हा निर्णय घेतला. भारोत्तोलन शिकणाऱ्याला दूध, अंडी, मांस, डाळी यांचा आहार भरपूर लागतो. शिपायाच्या पगारात एका मुलीला तो पुरविणे कठीण. येथे तर मुली अनेक होत्या. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले, त्याची रक्कम आपल्याला ठाऊक आहे. या माउलीने रोजच्या ताटातून काय काय गहाण टाकले असेल, त्याचा हिशेब कोठेही लिहिलेला नाही.

पुढे मल्लेश्वरी बहिणीबरोबर दिल्लीस आली आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या जाणकारांची नजर तिच्यावर गेली. १९९० साली राष्ट्रीय शिबिरात तिला प्रवेश मिळाला. खेड्यातील व्यायामशाळा आणि राष्ट्रीय शिबिर यांत अंतर असते ते केवळ साधनांचे नसते. शिबिरात रोज उचललेले वजन वहीत लिहिले जाते, आहार ठरविला जातो, दुखापतीवर उपचार होतात, आपल्यासारख्याच इतर मुली शेजारी घाम गाळताना दिसतात. मघाशी मी ओझे आणि भार यांत जो भेद केला, तो येथे साकार होतो. ओझे वाहणारीला कोणी विचारीत नाही, की तुझी पाठ दुखते का? भार उचलणारीला तो प्रश्न रोज विचारावा लागतो.

त्या शिबिरात तिच्यापुढे एक आदर्शही होता. मणिपूरच्या कुंजराणी देवी यांनी १९८९ साली मँचेस्टर येथील जागतिक स्पर्धेत रौप्यपदके मिळवून भारतीय स्त्री या खेळात जगाच्या बरोबरीने उभी राहू शकते, हे दाखवून दिले होते. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. कुंजराणी केंद्रीय राखीव पोलीस दलात नोकरीस होत्या. आपल्या देशात खेळाडूच्या चरित्रातले 'नोकरी' हे प्रकरण गाळून चालत नाही. पोटाची चिंता मिटल्याखेरीज छातीत बळ येत नाही. मल्लेश्वरींनाही पुढे भारतीय अन्न महामंडळाने सेवेत घेतले. ज्या महामंडळाच्या कोठारांत धान्याची पन्नास पन्नास किलोंची पोती थप्प्यांनी रचलेली असतात, त्याच महामंडळाची ही सेविका अडीच पोत्यांहून अधिक वजन एकटीने डोक्यावर तोलणार होती.

१९९३ साली मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत मल्लेश्वरींनी चौपन्न किलो गटात कांस्यपदक मिळविले. १९९४ साली इस्तंबूल येथे आणि १९९५ साली चीनमधील ग्वांगझू येथे त्या याच गटात जागतिक विजेत्या ठरल्या. १९९६ साली वॉर्सा येथे पुन्हा कांस्यपदक. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. वयाची वीस वर्षे पुरी होते न होते तोच ही मुलगी दोनदा जगज्जेती झालेली होती. शासनाने तिची उपेक्षा केली असे म्हणता येणार नाही. १९९४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९४-९५ चा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कारही तिला मिळाला आणि तो मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. लगेच पुढच्या वर्षाचा खेलरत्न कुंजराणींना मिळाला. १९९९ साली मल्लेश्वरींना पद्मश्री देण्यात आली.

आता एक प्रश्न आपणच आपल्याला विचारून पाहू. १९९५ साली, दोन जागतिक विजेतेपदांनंतर, आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक होते? त्याच काळातील क्रिकेटपटूंची नावे, त्यांच्या धावा, त्यांच्या सवयीसुद्धा आपल्याला पाठ होत्या. मल्लेश्वरींचे नाव सरकारी राजपत्रात आले, लोकांच्या ओठांवर आले नाही. याचे एक कारण उघड आहे. स्त्रियांचे भारोत्तोलन तोपर्यंत ऑलिंपिकमध्ये नव्हते, आणि ऑलिंपिकबाहेरचे जग आपल्या वृत्तपत्रांना फारसे दिसत नव्हते. १९९६ साली अटलांटाला लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले आणि खाशाबांनंतर चव्वेचाळीस वर्षांनी वैयक्तिक पदकाचा दुष्काळ संपला. त्या वर्षी मल्लेश्वरी कीर्तीच्या शिखरावर होत्या. परंतु त्यांच्यासाठी अटलांटाला मंचच नव्हता.

मंच मिळाला तेव्हा परिस्थिती बदललेली होती. १९९७ साली त्यांचा विवाह हरियाणातील भारोत्तोलक राजेश त्यागी यांच्याशी झाला आणि यमुनानगर हे त्यांचे घर झाले. त्यांचे शरीरवजन वाढले होते. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांनी त्रेसष्ट किलो गटात रौप्यपदक मिळविले, आणि सिडनीला त्या उतरणार होत्या एकोणसत्तर किलो गटात. १९९६ नंतर जागतिक स्पर्धेत त्यांना पदक मिळालेले नव्हते. साहजिकच त्यांच्या निवडीवर टीका झाली. भारताच्या वाट्याला स्त्रियांच्या जागा थोड्या. कुंजराणींसारखी ज्येष्ठ खेळाडू वगळली गेलेली. अशा वेळी टीकाकारांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने म्हणू नये. परंतु टीकेतील काही सूर खेळाविषयी नव्हता, स्त्रीच्या शरीराविषयी होता. विवाहित स्त्री, वजन वाढलेली, पंचविशी गाठलेली; हिचे आता काय उरले, असा तो सूर होता. पुरुष खेळाडूने वरच्या वजनगटात जाणे याला आपण प्रगती म्हणतो. स्त्रीने तेच केले, की तिची शिस्त सुटली असे आपल्याला वाटते!

१९ सप्टेंबर २००० हा तो दिवस. सिडनीच्या मंचावर बेलारूसचे माजी ऑलिंपिक विजेते लिओनिद तारानेंको यांच्या मार्गदर्शनाखाली मल्लेश्वरी उतरल्या. स्नॅचमध्ये त्यांनी ११० किलो वजन उचलले. हंगेरीच्या एर्झेबेट मार्कुश यांचे ११२.५ किलो झाले, तर चीनच्या लिन वेइनिंग यांचे ११०. क्लीन अँड जर्कमध्ये मल्लेश्वरींनी १३० किलो डोक्यावर तोलले. एकूण बेरीज २४० किलो. एकोणसत्तर किलोंच्या आतील देहाने स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार डोक्यावर धरला होता, आणि अजून एक संधी शिल्लक होती.

त्या काळी वजन अडीच किलोंच्या पटीने वाढविण्याचा नियम होता. लिन आणि मार्कुश या दोघींची बेरीज २४२.५ झाली. शरीराने हलक्या असल्यामुळे लिन यांना सुवर्णपदक आणि मार्कुश यांना रौप्यपदक मिळाले. मल्लेश्वरींच्या अखेरच्या प्रयत्नासाठी दांडीवर १३७.५ किलो चढविले होते. ते उचलले जाते, तर बेरीज २४७.५ होऊन सुवर्णपदक निर्विवाद भारताचे होते. ते उचलले गेले नाही. आज शांतपणे आकडेमोड करणाऱ्याला सहज दिसते, की १३५ किलो उचलले असते तरी २४५ ची बेरीज पहिल्या क्रमांकाला पुरली असती. पण कागदावरची आकडेमोड आणि मंचावरचा निर्णय यांत फार अंतर आहे. तेथे मिनिटे मोजकी असतात, प्रतिस्पर्धी आपले आकडे शेवटच्या क्षणी बदलत असतात, आणि सावध आकडा सांगावा की धाडसी, हे तेवढ्या वेळात ठरवावे लागते. त्या निर्णयाबद्दल पुढे पुष्कळ बोलले गेले. खुद्द मल्लेश्वरींनाही त्याची हळहळ वाटत राहिली. इतिहासात राहिले ते अडीच किलोंचे अंतर आणि एक कांस्यपदक.

तरीही त्या कांस्याचे मोल काय होते, ते पाहा. ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. चार मुली हेलसिंकीला गेल्या त्याला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. मध्यंतरी १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते. शिवाय सिडनीला भारताला मिळालेले हे एकमेव पदक. ज्या खेळाकडे देश वळूनही पाहत नव्हता, त्या खेळाने आणि ज्या खेळाडूला अनेकांनी मोडीत काढले होते, तिने देशाची लाज राखली.

आपण जरा जगाकडे नजर टाकली, तर हा योगायोग नव्हता हे कळते. सिडनीच्या त्याच मंचावर, त्याच दिवसांत, पंचाहत्तर किलो गटात मारिया इसाबेल उरुतिया यांनी कोलंबिया या देशाला त्याच्या इतिहासातील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. अठ्ठावन्न किलो गटात सोराया हिमेनेस या सुवर्णपदक मिळविणाऱ्या पहिल्या मेक्सिकन स्त्री ठरल्या. भारत, कोलंबिया, मेक्सिको हे सारे असे देश, जेथे कष्टकरी स्त्रीच्या डोक्यावर ओझे पूर्वापार आहे. त्यांच्या लेकींना एक मंच मिळताच, पहिल्याच संधीला, त्यांनी इतिहास घडविला. बळ आधीपासूनच होते. तोलणारा काटा उशिरा आला.

सिडनीनंतरची कहाणी थोडक्यात सांगता येते. २००१ साली मल्लेश्वरींना पुत्र झाला. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून वडिलांच्या निधनामुळे त्यांनी माघार घेतली. २००४ साली अथेन्सला त्या पुन्हा उतरल्या. परंतु पाठीच्या दुखापतीने त्यांना स्पर्धा पुरी करू दिली नाही आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. त्याच अथेन्समध्ये कुंजराणी देवी चौथ्या आल्या. ज्यांनी वाट पाडली, त्यांना ऑलिंपिकचे पदक लाभलेच नाही, हेही आपण विसरू नये.

इतिहास सांगताना त्याची काळी पाने गाळणे योग्य नव्हे. भारोत्तोलनाला उत्तेजक द्रव्यांचा डाग फार गडद लागला आहे. सिडनीच्या पहिल्याच स्त्री-स्पर्धेत अठ्ठेचाळीस किलो गटाचे सुवर्णपदक बल्गेरियाच्या खेळाडूकडून याच कारणाने काढून घेण्यात आले आणि ते अमेरिकेच्या तारा नॉट यांना मिळाले. २००४ साली अथेन्सच्या वेळी दोन भारतीय स्त्री-भारोत्तोलक या चाचणीत दोषी ठरल्या. या साऱ्याकडे पाहताना केवळ खेळाडूला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या घरात एका पदकावर नोकरी, घर आणि बहिणींची लग्ने अवलंबून असतात, तेथे पदकाचा लोभ केवळ कीर्तीचा राहत नाही. यश मिळाल्यावर लाखो रुपये आणि यश मिळेपर्यंत काहीच नाही, अशी व्यवस्था असेल, तर वाममार्गाला आपणच आमंत्रण देतो. भार उचलणारीच्या डोक्यावर पुन्हा ओझे चढते, ते असे.

सिडनीने पाडलेली वाट मात्र बुजली नाही. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा मणिपूरच्या रेणुबाला चानू यांनी अठ्ठावन्न किलो गटात सुवर्णपदक जिंकले. १९५१ साली ज्या राजधानीत स्त्रियांसाठी हा खेळ नव्हता, तेथेच एकोणसाठ वर्षांनी एका भारतीय स्त्रीने तो जिंकला. २०१७ साली मीराबाई चानू जागतिक विजेत्या झाल्या. मल्लेश्वरींच्या विजेतेपदानंतर बावीस वर्षांनी हा मान भारताकडे परत आला. २४ जुलै २०२१ रोजी तोक्यो ऑलिंपिकमध्ये मीराबाईंनी २०२ किलोंची बेरीज करून रौप्यपदक मिळविले. इतर खेळांतही तेच. २०१६ साली रिओला भारताला दोनच पदके मिळाली आणि ती दोन्ही स्त्रियांची होती. त्यांपैकी साक्षी मलिक या दिल्लीशेजारच्या रोहतकच्या. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत दोन पदके मिळविणाऱ्या मनू भाकर याही शेजारच्याच झज्जर जिल्ह्यातील. ज्या भागात मुलीचा जन्मच नकोसा मानला जाई, त्या भागाने हे पाहिले.

महाराष्ट्रही मागे राहिला नाही. पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळची हर्षदा गरुड २ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत उतरली आणि तिने पंचेचाळीस किलो गटात सुवर्णपदक जिंकले. स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३, एकूण १५३ किलो. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय खेळाडू; स्त्रियांत पहिली एवढेच नव्हे, स्त्री-पुरुष मिळून पहिली. मावळच्या मातीत बळ आहे हे आपण शिवकाळापासून ऐकत आलो. ते मुलींच्याही मनगटात आहे, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले.

२०२१ साली दिल्ली शासनाने नव्याने स्थापन झालेल्या दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून मल्लेश्वरींची नियुक्ती केली. 'किरकोळ' म्हणून व्यायामशाळेच्या दारातून परत पाठविलेली मुलगी विद्यापीठाच्या सर्वोच्च आसनावर बसली. यमुनानगरलाही त्यांनी मुलामुलींना भारोत्तोलन शिकविण्याचे कार्य आरंभिले. आपल्याला जे उशिरा मिळाले, ते पुढच्यांना वेळेवर मिळावे, ही त्यामागची दृष्टी.

शासनाच्या सेवेत आयुष्याची वर्षे घालविलेल्या माणसाला या चरित्रातून एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. आमच्या कचेऱ्यांतून सत्काराची टिपणी लवकर तयार होते. साहाय्याची टिपणी मात्र टेबलामागून टेबले ओलांडीत राहते. पदक मिळाल्यावर हार घालणारे हात पुष्कळ असतात. पण खाशाबांना हेलसिंकीला पाठविले ते गहाण पडलेल्या एका घराने, आणि मल्लेश्वरींना उभे केले ते एका शिपायाच्या संसाराने. पहिले वजन त्यांनी उचलले. राष्ट्र नंतर आले. हा क्रम उलटा झाला पाहिजे. आज एखाद्या खेड्यातील शाळेत एखादी बारा वर्षांची मुलगी दाराआडून लोखंडी दांडीकडे पाहत असेल. तिला किरकोळ म्हणून परत पाठवावयाचे, की आत बोलावून दूध, गुरू आणि नोंदवही द्यावयाची, याचे उत्तर तिच्या आईवर एकटीवर सोडून आपल्याला चालणार नाही.